विचारा त्या पंचगंगेला!

१ जानेवारी, बुधवार. पहाटे.
नवं वर्ष, नवी डायरी. डायरी जिनेशच्या प्रेसची, त्यामुळे प्रत्येक पानाखाली लग्नपत्रिकेची जाहिरात. चालेल. ही रोजनिशी फक्त माझ्यासाठी आहे. पुढेमागे एखाद्या अभ्यासकाच्या हाती लागलीच तर त्याने अक्षराला हसू नये. थंडी आहे.

आमच्या पेठेतल्या वाचनालयाने यंदा ‘वाचकांची पसंती’ जाहीर केली. विषय: ऐतिहासिक साहसाच्या आणि कटकारस्थानांच्या कादंबऱ्या. वाचकांनी अभिप्राय कार्डावर लिहून पेटीत टाकायचा, किंवा फोनवर बोलून पाठवायचा. निकाल मराठी भाषा गौरव दिनाला. जी जिंकेल तिच्या प्रती तालुक्यातालुक्यांत जाणार. माझी ‘सातव्या बुरुजाचा शाप’ दिवाळीत बाहेर पडली आहे. म्हणजे निकाल लागल्यातच जमा.

संकल्प: कुणालाही अभिप्राय विचारणार नाही. खरा लेखक मागे वळून पाहत नाही.

त्याच दिवशी, सकाळी ११.
वाचनालयात सहज गेलो होतो. पेटी सहज हलवून पाहिली. आवाज आला नाही. पेटी चांगल्या जाड लाकडाची आहे.

५ जानेवारी, रविवार.
तालमीचा वर्धापनदिन. प्रमुख वक्ता मीच. तीस वर्षं या शहरात शिवजयंती असो, वास्तुशांत असो की शोकसभा, माईक माझ्याच हातात असतो. आज मात्र मी पेटलो होतो. बोलता बोलता शब्द गेला: “माझ्या कादंबरीला या मातीतल्या वाचकांनी नाकारलं, तर हा आकाराम पुन्हा आयुष्यात माईक हातात धरणार नाही! का? विचारा त्या सह्याद्रीला! विचारा त्या पंचगंगेला!” शेवटचं वाक्य लोकांनी माझ्याबरोबरच म्हटलं. भारावले होते. टाळ्या थांबेनात.

तालमीचे अध्यक्ष बाळासो कानात म्हणाले, सर, आज जेवणाआधी संपवलासा, लई उपकार झालं. भावना पोचली.

घरी येऊन संयोगिताला प्रतिज्ञा सांगितली. तिने विचारलं, निकाल कवा हाय? सत्तावीस फेब्रुवारीला म्हटलं. तिने उठून कॅलेंडरवर खूण केली. बायको काही बोलत नाही, पण तिला आतून काळजी असते.

९ जानेवारी, गुरुवार.
जिनेश वाचनालयाचा कार्यवाह आहे. आमची शाळेपासूनची मैत्री, चारचौघांत तो मला सर म्हणतो, एरवी आक्या. त्याने पेटी उघडून पहिले अभिप्राय फळ्यावर लावले. बहुतेक यशराजच्या कादंबरीवर. यशराज म्हणजे तो गडावर ड्रोन उडवणारा, तिशीतला. त्याच्या कादंबरीतही भुयार आहे. पण त्याच्या भुयारातून माणसं नुसती पळतात. एकही उभं राहून विचार मांडत नाही.

एका वाचकाने लिहिलंय, “मुलगी भुयारात अडकते तिथं माझा चहा गार झाला.” चहा गार होणे ही समीक्षा आहे काय? दुसरा म्हणतो, “यात इतिहास किती खरा ते माहीत नाही, पण पुढं काय होतं ते कळल्याशिवाय झोप आली नाही.” इतिहास म्हणजे झोप उडवायची गोळी नव्हे! तिसरा: “कारस्थान असलं की शेवटी त्यामागं कोण होतं ते सांगावं. काही लेखक विसरतात.” हा टोला कुणाला आहे ते लिहिलेलं नाही. मला नक्कीच नाही. माझ्या कादंबरीतला सूत्रधार मी मुद्दाम अंधारात ठेवला आहे. (तो कोण, हे मलाही अजून ठरवता आलेलं नाही.)

माझ्या पुस्तकावर अभिप्राय: नाही. स्वाभाविक आहे. ग्रंथ मोठा आहे. लोक अजून वाचताहेत.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.
तिळगुळाबरोबर प्रत्येकाला पुस्तकाची एक प्रत दिली. अभिप्राय कुणालाही विचारला नाही. ज्यांना दिवाळीत प्रत दिली होती त्यांना फक्त “मग?” म्हटलं.

दातांचे डॉक्टर म्हणाले, बाइंडिंग मजबूत आहे. शेजारचा अमरसिंह म्हणाला, वजन हाय सर पुस्तकाला, दुधाच्या पातेल्यावर ठेवतोय, मांजराच्या बापालाबी उचलत न्हाय. संयोगिता दोन महिने अकराव्या पानावर आहे. आज खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, लग्न झाल्यावर पयल्या दिवशी तुमी मला जे बोललासा, तेच हाय की ह्यात. तवापण मला झोप लागलीती.

दिवाणाखालच्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांविषयीही बोलली. तिला तिथे पापडाचे डबे ठेवायचे आहेत. म्हटलं, सत्तावीसनंतर या घरात प्रती शोधून सापडणार नाहीत.

१९ जानेवारी, रविवार.
आला! अभिप्राय आला! वाचनालयाच्या फोनवर, आवाजात. जिनेशने मला ऐकवला. बाई वयस्क. नाव नाही. जसाच्या तसा उतरवून ठेवतो:

“हुपरीसनं बोलतोय. ते सातव्या बुरुजाचं पुस्तक वाचलो. पुरं वाचलो. वर दुष्मन फिरतोय आन खाली भुयारात सरदार एवढ्या मोठ्यानं भाषण करतोय, वरच्यास्नी ऐकू कसं जाईना? तिथली पानं तशीच उलटीत गेलो. पर घोडं मेलं तवा लई रडलो बघा. जेवलो न्हाई त्या दिशी. एकच इचारायचं हाय. त्या घोड्याला नाव का न्हाई?”

संताप. भुयारातलं भाषण हा कादंबरीचा आत्मा आहे! तीन रात्री जागून लिहिलंय. सदतीस पानांत मी स्वराज्य, निष्ठा, जलसंधारण सगळं मांडलं, आणि बाईंना ऐकू कसं जाईना हा प्रश्न! आणि घोडा? तीनशे वर्षं दडवलेल्या कटाची कथा, आणि हिला घोड्याचं नाव पाहिजे!

जिनेशला म्हटलं, हा अभिप्राय पसंतीत धरू नकोस. तो म्हणाला, आरं आक्या, तुझा एवढाच आलाय.

२३ जानेवारी, गुरुवार.
झोप नाही. भाकरी गोड लागत नाही. फळ्यावर यशराजच्या कार्डांना जागा पुरेना म्हणून जिनेशने दुसरा फळा आणला. तालमीपुढून जाताना कुणीतरी ओरडलं, सर, माईकला तेल लावून ठेवू का? हसण्याचा आवाज आला.

विचार केला. आपला वाचक लाजरा आहे. मनात भरून येतं, पण कार्डावर उतरवता येत नाही. अशा मुक्या वाचकाला वाणी देणं हेच तर मी तीस वर्षं करत आलो. मग आज मागे का हटायचं?

दार लावून बसलो. डाव्या हाताने लिहिलं. पेन बदलत गेलो. सम्राट, काजूवाले, चंदगड. रणजित, दूधवाले, मुरगूड. आदिती, इंजिनियर, पुणे. आणखीही काही. हे खोटं नव्हे. चंदगडच्या काजूवाल्याने ही कादंबरी वाचली असती तर तो हेच म्हणाला असता. मी फक्त त्याचा वेळ वाचवला.

भाषा ज्याची त्याची ठेवण्याची पूर्ण काळजी घेतली आहे. काजूवाल्याच्या तोंडी काजूची उपमा घातली.

३० जानेवारी, गुरुवार.
फळा भरला! माझ्या नावाने! लोक थांबून वाचताहेत, एकमेकांना कोपर मारताहेत. मीही गर्दीत उभा राहून वाचलं. पुण्याच्या आदितीने लिहिलंय, “मी रात्रभर या ग्रंथाच्या ज्वालांत न्हाले.” डोळ्यांत पाणी आलं. एवढी लहान मुलगी, आणि काय ही समज! असे वाचक आहेत तोवर मराठीला मरण नाही.

पुढच्या भाषणात तिचा उल्लेख करीन.

४ फेब्रुवारी, मंगळवार.
घोटाळा. जिनेश प्रेसमधून घरी आला. चहा घेतला नाही. म्हणाला, आक्या, चंदगडासनं कार्ड आलं, पर तिथं आपला एकबी सभासद न्हाय. सगळी कार्डं एकाच्याच डोक्यातनं आल्यागत वाटायल्यात. यशराजची पोरं वरडायल्यात. समितीनं चौकशी लावलीया.

मग तो खाली बघत म्हणाला, चौकशी तुझ्याकडं दिलीया. कटकारस्थानाची पुस्तकं तुझ्याएवढी गावात कुणी वाचल्यात?

खरं आहे. या शहरात माझ्याइतका या विषयाचा अधिकारी माणूस नाही. जबाबदारी स्वीकारली. निघताना तो दारात थांबला आणि म्हणाला, आजूनबी काय सांगायचं असलं तर सांग गड्या. मी म्हटलं, पुरावा हाती येईपर्यंत एक शब्द बोलणार नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार.
रात्रभर विचार केला आणि पहाटे सगळं लख्ख दिसलं. या कार्डांचा फायदा कुणाला? मला नाही, कारण लोक मलाच हसताहेत. म्हणजे कार्डं माझ्या शत्रूने टाकली! खोटी स्तुती करून खऱ्या लेखकाला बदनाम करायचं. जुना डाव आहे. माझ्याच कादंबरीत, पान दोनशेच्या आसपास.

मी त्यातली काही कार्डं लिहिली हे खरं. पण सगळीच मी लिहिली असतील असं आता छातीठोक सांगता येत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार.
चौकशीसाठी एसटीने चंदगड. काजूच्या दुकानांत सम्राटची चौकशी केली. आश्चर्य! एक सम्राट सापडला. काजूचाच व्यापारी. अंगावर काटा आला. विचारलं, आपण ‘सातव्या बुरुजाचा शाप’ वाचलीत का? तो म्हणाला, कसला शाप? सकाळी सकाळी दुकानात येऊन शाप देतायसा व्हय? मी कादंबरीचं कथानक सांगायला घेतलं. भुयारापर्यंत आलो तेव्हा त्याने वजनकाट्यावर काजू ओतले आणि म्हणाला, पावणं, घेऊन जावा, पर जावा.

एक किलो काजू घेऊन परत. निष्कर्ष: साक्षीदारावर दबाव आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार.
सूत्रधार सापडला! हुपरीची ती बाई, घोड्याचं नाव विचारणारी, कोण असावी? जिनेशची सख्खी आत्या. अक्काताई. त्याच्या तोंडून सहज निसटलं. आमच्या आत्तीला वाचायचा नाद हाय, तिलाबी तुझं पुस्तक धाडलंतं म्हणाला.

आता दुवे जुळवा. माझं पुस्तक कुणी छापलं? जिनेशने. यशराजचं कुणी छापलं? जिनेशने. पेटीची किल्ली कुणाकडे? जिनेशकडे. चाळीस वर्षं ज्याच्या डब्यातलं खाल्लं तो जिनेश! आणि कार्डं लिहिणारा हात यशराजचा.

संयोगिताला सगळं सांगितलं. ती पापड लाटत होती. म्हणाली, तुमी वाईच झोपा.

१९ फेब्रुवारी, बुधवार. शिवजयंती.
आयुष्यात पहिल्यांदा आजच्या दिवशी मला मुख्य भाषण नाही. बाळासोंनी यशराजला बोलावलं. पोरगं दहा मिनिटं बोललं आणि बसलं. दहा मिनिटांत काय सांगणार? तरी लोक खुश. मला माईक दिला तो हार आणायला गेलेला माणूस परत येईपर्यंत. मी नुकता सह्याद्रीवर चढत होतो, एवढ्यात हार आला.

घरी येऊन दिवाणावर पडलो. खाली पाचशे प्रती. पाठीला टोचल्यासारखं होतं. सत्तावीसला हरलो तर उरलेली वर्षं काय करायचं? मला दुसरं काही येत नाही. बाजारात भाजीवाल्याशीसुद्धा मी माईकवर असल्यासारखा बोलतो, असं संयोगिता म्हणते.

२६ फेब्रुवारी, बुधवार. शिवरात्र.
उपवास. पोटात साबुदाणा आणि निखारे.

योजना पक्की. उद्या सभागृहात कट उघडा पाडणार. ती सगळी खोटी कार्डं भर सभेत मोठ्याने वाचायला लावणार, आणि तीही खुद्द यशराजला. स्वतःचीच पापं स्वतःच्या तोंडाने! वाचताना तो अडखळेल, घामाघूम होईल, आणि लोकांना खरा सूत्रधार कळेल. सभा उठेल ती माझ्या नावाच्या घोषणेनेच.

निकाल मग आपोआपच.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार.
काल लिहिता आलं नाही.

सभागृह भरलं होतं. तालमीची मंडळी झाडून आली होती, संयोगिता तिसऱ्या रांगेत. मी कटाची प्रस्तावना केली. मग कार्डांचा गठ्ठा यशराजच्या हातात दिला. त्याने मला दोनदा विचारलं, सर, नक्की वाचू का? नाही वाचलं तरी चालेल. मी म्हटलं, वाच, मर्दा!

आवाज चांगला आहे त्याचा. पहिलं कार्ड काजूवाल्याचं. “काजूच्या बीत जसा गर, तसा या कादंबरीत अंगार! ही कादंबरी का वाचावी? विचारा त्या सह्याद्रीला…” तो श्वास घ्यायला थांबला, तर मागच्या रांगेतून कुणीतरी पुरं केलं: “विचारा त्या पंचगंगेला!” हशा. मला वाटलं, कार्डाने लोक पेटले.

दुसरं, मुरगूडच्या दूधवाल्याचं. आता अर्धं सभागृह. तिसरं, पुण्याच्या आदितीचं. यशराज नुसतं “विचारा” म्हणाला आणि हात लांब करून थांबला. सगळं सभागृह एका सुरात, हात वर करून, माझ्यासारखाच हात वर करून, “…त्या पंचगंगेला!” बाळासो उभे राहून ओरडले, वन्स मोअर! पोरांनी बाकं बडवली.

राग कुणालाच आला नव्हता, हेच वाईट. मी जिनेशकडे पाहिलं. तो चपलांकडे बघत होता. संयोगिताने पदर तोंडाला लावला होता. ती हसत असावी असं आधी वाटलं. हसत नव्हती.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक म्हातारी काठीवर उठली. हसणं थांबेपर्यंत तिने वाट बघितली. मग म्हणाली, सर, मी हुपरीची अक्काताई. बसनं आलोय. ह्या सगळ्याचं जाऊ द्या. ते घोड्याचं नाव तेवढं सांगा की.

सगळे माझ्याकडे बघत. माईक हातात.

तीस वर्षांत पहिल्यांदा मला वाक्य सुचलं नाही.

पसंती यशराजच्या कादंबरीला. जिनेशने निकाल वाचताना माझ्या पुस्तकापुढे फक्त एवढंच म्हटलं, एक अभिप्राय. मनापासनं.

२ मार्च, रविवार.
सकाळी बाळासोंचा फोन. पुढच्या रविवारी पुतणीचं लग्न हाय, माईकवर या म्हणाले. मी म्हटलं, मी प्रतिज्ञा केली होती. हरलो. आता माईक धरणार नाही. ते म्हणाले, कसली प्रतिज्ञा? मग आठवलं त्यांना. म्हणाले, आवो सर, भाषण न्हाय ओ. पंगत कुठं बसली, कुणाची गाडी आडवी लागलीया, एवढंच सांगायचं. तुमचा आवाज पार रस्त्यापतूर जातो.

बघतो म्हटलं. ते म्हणाले, बघताय कशाला, या की.

दुपारी पुस्तक काढलं आणि घोडा शोधला. प्रत्येक ठिकाणी “तो उमदा अश्व”. फितूर पहारेकऱ्याला नाव आहे. तोफेला नाव आहे. भुयारातल्या मशालीलासुद्धा मी नाव दिलंय. रात्रभर सरदाराला पाठीवर घेऊन घाट चढला आणि वर पोचून मेला, त्याला नाही. सरदार त्याच्या शेजारी उभा राहून चार पानं बोलतो. एकदाही हाक मारत नाही.

संध्याकाळपर्यंत नावं काढली. रणवीर. वायुपुत्र. तुफान. जिनेशकडून हुपरीचा नंबर घेतला. त्याने काही न विचारता दिला. फोन लावून अक्काताईंना म्हटलं, नाव ठरलं आहे, दुसऱ्या आवृत्तीत घालणार आहे. तीन नावं आहेत, आपण निवडा.

त्या म्हणाल्या, आता कशाला सर? म्या कवाच ठेवलो की. बिननावाच्याला रडायला येत न्हाई, म्हणून वाचतावाचताच ठेवलो. गुंडू.

मी म्हटलं, गुंडू?

त्या म्हणाल्या, व्हय. आमच्यात एक बैल हुता गुंडू नावाचा. त्योबी असाच. बोलायचा न्हाई, वढायचा.

फोन ठेवला. शेवटचं प्रकरण उघडलं. घाटमाथ्याचं पान. जिथे जिथे “तो उमदा अश्व” आहे तिथे मनातल्या मनात गुंडू वाचत गेलो. सरदाराचं भाषण आलं, ते उलटून टाकलं. पुढच्या पानावर गुंडू गुडघ्यावर आला. मग कोसळला.

संयोगिताने आतून विचारलं, काय झालं वो? काही नाही म्हटलं. दिवाणाखाली धूळ फार झालीय.

ती येऊन शेजारी बसली. म्हणाली, द्या बघू, कुठलं पान हाय ते.